सहा अक्षरी पत्ता

माझा नवरा खोटं बोलतोय हे मला सातपुड्यानं सांगितलं.

जरा समजावून सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. तसं ते फिरलं होतंच, पण नंतर. मी कामिनी. धुळ्यात देवपुरात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. मी आणि प्रेमराज, म्हणजे माझे यजमान, दोघंही हॅम आहोत. सरकारी परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून हौसेनं वायरलेसवर बोलणारी माणसं. परवाना आधी मी काढला, मग त्यांनी, हे मी मुद्दाम सांगते कारण ते कधी सांगत नाहीत. ते कृषी खात्यात आहेत. तीन वर्षांपासून चोपड्याच्या वर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी एका गावात खोली घेऊन राहतात आणि रविवारी घरी येतात. बाकीच्या दिवशी आमची भेट आकाशातून होते.

आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी सोडलेले छोटे उपग्रह आहेत. आम्ही वापरतो तो बिस्किटांच्या डब्याएवढा असेल. खालून एका फ्रिक्वेन्सीवर बोललं की तो तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर खाली टाकतो. या क्षितिजावर उगवला की बारा-तेरा मिनिटांत त्या क्षितिजाला बुडतो. तेवढ्यात एका हातात अँटेना, एका हातात पाच वॅटचा सेट, असं गच्चीवर उभं राहून त्याच्या मागंमागं अँटेना फिरवायची आणि बोलून घ्यायचं. गप्पा मारायच्या नाहीत, कारण त्याच वेळी सुरत, पुणे, हैदराबाद, सगळीकडची माणसं त्याच एका दारातून घुसायला बघत असतात. आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं नाव, सांगायची, लोकेटर सांगायचा आणि बाजूला व्हायचं.

लोकेटर म्हणजे आपला पत्ता. पृथ्वीच्या नकाशावर चौकोन पाडलेले आहेत. धुळ्याचा चौकोन एमएल सत्तर, चोपड्याचा एमएल एकाहत्तर. निरोप घेताना त्र्याहत्तर म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. हा आकडा कुणालाही चालतो. अगदी जवळच्या माणसाला मात्र अठ्ठ्याऐंशी म्हणायचं, म्हणजे प्रेम. सगळ्या जगात हीच रीत आहे. प्रेमराज शेवटी हळूच अठ्ठ्याऐंशी म्हणायचे, मीही म्हणायचे. सव्वीस वर्षांच्या संसारात जो शब्द आम्ही तोंडानं काढला नाही तो आकड्यात निघत होता. बडोद्याचे एक आजोबा रोज ऐकत असतात, ते एकदा मधेच म्हणाले, "बहनजी, ये बात भाईसाहब को घर पे बता दिया करो." मी महिनाभर त्यांना उत्तर दिलं नाही.

आता सातपुडा. उपग्रहाचे काही फेरे दक्षिणेकडून येतात आणि उत्तरेला बुडतात. अशा फेऱ्यात प्रेमराजांचा आवाज माझ्या दीड-दोन मिनिटं आधी जायचा, कारण त्यांच्या खोलीच्या पाठीशीच डोंगर. उपग्रह मला अजून दिसत असायचा, त्यांच्यासाठी तो डोंगराआड गेलेला असायचा. तीन वर्षं हे असंच चाललं. त्यांच्या "बरं, चाललो डोंगरात" या वाक्याची मला सवय झाली होती.

यंदा फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते चालले नाहीत. उपग्रह पार खाली उतरला, माझ्याकडे खरखर सुरू झाली, तरी त्यांचा आवाज येत होता. माझ्याबरोबर बुडाले.

मी अँटेना हातात धरून तशीच उभी राहिले. डोंगर काही जागचा हलत नाही. म्हणजे माणूस हलला होता.

पहिल्या दिवशी मी स्वतःलाच समजावलं की कामानिमित्त चोपड्यात उतरले असतील. पण मग सांगितलं का नाही? लोकेटर विचारला तर म्हणाले, एमएल एकाहत्तर, नेहमीसारखंच. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. प्रत्येक संपर्काची वेळ आम्ही वहीत लिहितोच, ती रीतच आहे. मी आता त्यांचा आवाज कितव्या सेकंदाला गेला तेही लिहायला लागले. पुढच्या तीन आठवड्यांत उत्तरेला बुडणारे नऊ फेरे मिळाले. पाच वेळा ते डोंगराआड गेले. चार वेळा गेले नाहीत. म्हणजे माझा नवरा दोन ठिकाणी राहत होता.

या चार फेऱ्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. उपग्रह क्षितिजाजवळ असताना त्यांचा आवाज स्वच्छ यायचा, आणि तो डोक्याकडे चढला की फाटायचा. हे उलटं आहे. डोक्याकडे आला म्हणजे उपग्रह जवळ आला, तेव्हा आवाज सुधारायला पाहिजे. पंधरा वर्षं अँटेना धरणाऱ्या माणसाचा हात असा चुकत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट बसत होती, की यांचं लक्ष भलतीकडे आहे.

रविवारी ते घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि समोर बसून बघत राहिले. पांढऱ्या शर्टाचं वरून तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"बटण कुणी लावलं?"

"मीच."

"तुम्ही?"

"मग काय, तिकडे कोण आहे लावायला?"

या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही. मी बटणाकडे बघितलं. खाली दोऱ्याचे दोन-तीन वेढे घेऊन नीट गाठ मारलेली होती, बाईच्या हातची. त्यांनी चहा पटकन संपवला आणि गच्चीवर जाऊन अँटेनाची वायर तपासत बसले, जी दोन महिन्यांपूर्वीच बदललेली होती. दुपारी मी मुद्दाम वरण-बट्टी केली. एरवी चार बट्ट्या चुरणारा माणूस दोनवर थांबला.

"पोट भरलेलं दिसतंय."

"जरा जड वाटतंय, कामिनी."

मला राग आला आणि भीतीही वाटली. रागाचं मी लपवत नाही, माझा राग सगळ्या देवपुराला माहीत आहे. भीतीचं मात्र कुणाला सांगितलं नाही. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. यांच्याही मनातून मी उतरले असेन तर या घरात माझं म्हणून काय राहिलं, हा विचार भांडी घासताना आला आणि गेला नाही.

दोघंच उरलो होतो, म्हणजे पुनम होती. आमची मुलगी. तिचं नाव दोन वर्षांपासून घरात निघत नव्हतं. तिनं प्रशीलशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, सरळ, नोकरीचा, हे सगळं मला माहीत होतं. तो बौद्ध आहे हेही माहीत होतं. मी नाही म्हटलं. पुनमनं कारण विचारलं तेव्हा म्हटलं, माझं मन. कारण काय होतं ते मला ठाऊक होतं आणि तिलाही. वर्गात मुलांना रक्तगट शिकवणारी बाई मी. लग्नाच्या दिवशी मी तिचा नंबर फोनमध्ये बंद करून टाकला. ती कुठं राहते, मी विचारलं नाही. प्रेमराजांनी एकदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी उठून गेले. त्यानंतर त्यांनी उघडलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी प्रेमराजांच्या घरमालकांना फोन लावला. कौतिकनाना म्हातारे, मनानं साधे, त्यांना बनवणं अवघड नव्हतं.

"नाना, यांचा फोन लागत नाहीये. आहेत का खोलीवर?"

"नही वं माय. साहेब तं पाच वाजताच गया. फटफटी लिसन."

"कुठं गेले?"

"ते माले काय माहीत? आठवडामां दोन-तीनदाव जास, सकायले येस. तुनाकडेच येत व्हतीन असं वाटे माले." मग जरा थांबून ते म्हणाले, "जाताना ती काड्यासनी पिशवी लई जास गयामां."

गळ्यातली काड्यांची पिशवी म्हणजे अँटेना. मी फोन ठेवला. माणूस बायकोला फसवून कुठं जातो, हे मी समजू शकले असते. पण बायकोला हाक द्यायचं सामान बरोबर घेऊन जातो, म्हणजे तिथून तिला अठ्ठ्याऐंशी म्हणतो, हे माझ्या घशाखाली उतरेना. किती थंड डोक्याचं काम होतं ते.

त्याच संध्याकाळी फेरा होता. मी गच्चीवर गेले. त्यांनी हाक दिली, मी उत्तर दिलं. ते बोलत असताना त्यांच्या मागून, अगदी जवळून, एका बाईचा आवाज आला. एकच शब्द. "वर."

त्यांनी सेटचं बोलायचं बटण लगेच सोडलं.

"एमएल सत्तर," मी म्हटलं. "त्र्याहत्तर."

बडोद्याचे आजोबासुद्धा मधे पडले नाहीत. मग प्रेमराजांचा आवाज आला, फाटलेला. "त्र्याहत्तर का?"

मी सेट बंद केला. खाली येऊन कणीक मळायला घेतली आणि मळतच बसले. एका माणसाची कणीक किती मळायची?

म्हणजे बाई होती. आणि नुसती होती असं नाही, ती अँटेना धरत होती. वर घ्यायची की खाली, ते सांगत होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. यांनी तिला शिकवलं होतं. जे आमचं होतं, या गच्चीवरचं होतं, ते यांनी कुणाच्या तरी हातात दिलं होतं. रात्री त्यांचे सात फोन आले, मी उचलले नाहीत.

ती कुठं असेल, हे मी नकाशा काढून शोधायला बघितलं. चोपड्याहून मोटरसायकलनं तास-दीड तास, उत्तरेला डोंगर नाही, चौकोन एमएल एकाहत्तर. अर्धा जिल्हा त्यात बसत होता. लोकेटरची ही पहिली चार अक्षरं म्हणजे फार मोठी जागा असते, शंभर-दोनशे किलोमीटरची. त्यात माणूस खोटं न बोलता लपू शकतो. पूर्ण लोकेटर सहा अक्षरांचा असतो. शेवटची दोन अक्षरं कळली की गावच कळतं. पण ती रोजच्या संपर्कात कुणी विचारत नाही.

मी ठरवलं की ती विचारायची. बुधवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांचा फेरा होता, दक्षिणेकडून येणारा, पन्नास अंशांपर्यंत चढणारा. सगळ्यांच्या कानांवर विचारायचं. अडखळले, टाळलं, खोटं सांगितलं, काहीही झालं तरी मला कळलं असतं. मग रविवारी घराचं दार उघडायचं की नाही ते मी ठरवणार होते. हे मी खरंच ठरवलं होतं. भावाला फोन करून चार दिवस राहायला येऊ का, असंही विचारून ठेवलं होतं.

बुधवारी शाळेतून आले, चपला काढल्या न काढल्या, गच्चीवर. आकाश स्वच्छ होतं, खाली कुणीतरी पाण्याची मोटर लावली होती. मी नेहमीसारखा हात लांब केला आणि मुठी मोजल्या. उपग्रह किती अंशांवर आहे ते मोबाइल सांगतो, पण आकाशात ते अंश कुठं, हे हातानं मोजावं लागतं. हात ताठ करून मूठ क्षितिजावर ठेवायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. ही आमच्या घरची पद्धत. मुठी मोजताना मी दर वेळी तोंडानं "अंगठा आत" म्हणते. का म्हणते, याचा मी कधी विचार केला नव्हता. सवय.

फेरा सुरू झाला. हैदराबादचा एक जण झाला, सुरतचा एक जण झाला. मग प्रेमराज आले. एका मुठीवर त्यांचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. दोन मुठींवर बरा. तीन मुठींवर खरखर सुरू झाली. चारवर शब्द तुटायला लागले. अँटेना उपग्रहापासून दूर चालली होती, आणि जितका तो चढत होता तितकी जास्त दूर. थोडीथोडी, हिशेबात. दर मुठीमागं थोडी.

मी "अंगठा आत" म्हटलं, माझ्याच चौथ्या मुठीवर. आणि माझा हात तिथंच थांबला.

हे मी स्वतःसाठी म्हणत नव्हते. माझा अंगठा कधी बाहेर नव्हताच. नऊ वर्षांची एक मुलगी याच गच्चीवर, याच कठड्याशी उभी राहून मुठी मोजायची आणि दर वेळी अंगठा वर उभा ठेवायची. तिची मूठ दीडपट व्हायची. चार मुठींवर अँटेना धर म्हटलं की ती साठ अंशांवर धरायची आणि आवाज गेला की माझ्याकडे बघायची. "पुनम, अंगठा आत." हजार वेळा म्हटलं असेल. चिडून, हसून, टपली मारून. ती कधी सुधारली नाही.

सगळ्या दुनियेत उपग्रह असा चुकवणारं एकच माणूस होतं.

मी कठड्याला टेकले. अँटेना मात्र खाली केली नाही, हात आपोआप उपग्रहामागं फिरत होता. निळा दोरा, भरलेलं पोट, पाच वाजता निघणारी मोटरसायकल. तीन आठवडे मी सगळं बरोबर मोजलं आणि बेरीज मात्र भलतीच मांडली. आणि ती तिथं अँटेना का धरून उभी होती, तेही कळलं. प्रेमराजांना मदतनीस लागत नाही. ती ऐकायला उभी होती. फोनवर मी तिला बंद केलं होतं, पण उपग्रहावर कुणाला बंद करता येत नाही. तो ज्याच्यावरून जातो त्या सगळ्यांना सारखंच ऐकवतो. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी माझ्या मुलीला माझा आवाज मिळत होता. कॉल साइन, एमएल सत्तर, आणि अठ्ठ्याऐंशी, तेही बापासाठीचं. सोमवारी तर तिनं त्र्याहत्तर ऐकलं.

उपग्रह पन्नास अंशांवर होता. प्रेमराज तुटक तुटक माझी कॉल साइन घेत होते. मी बोलायचं बटण दाबलं.

"अँटेना ज्यानं धरलीय त्याला सांगा," मी म्हटलं, "अंगठा आत घे."

मी बटण सोडलं. एक, दोन, तीन, चार सेकंद नुसती रिकामी खरखर. सुरतचा कुणीतरी मधे घुसू बघत होता, त्याला बडोद्याच्या आजोबांनी दटावलं. "रुकिए भाई, रुकिए."

मग पलीकडून कुणीतरी बटण दाबलं, आणि खरखर एकदम गेली. पाणी निवळावं तसा आवाज निवळला. कुणी बोलत नव्हतं, पण मागं रिक्षाचा हॉर्न, कुठंतरी कुकरची शिट्टी, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. अँटेना बरोबर पन्नास अंशांवर होती.

"घेतला," प्रेमराज म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"लोकेटर?"

"एमएल एकाहत्तर."

"पूर्ण सांगा. सहाच्या सहा अक्षरं."

ते अडखळले. मी बुधवारी ज्याची वाट बघत होते ते हेच अडखळणं होतं. "एमएल एकाहत्तर... पुढचं, थांब हं, पुढचं..." त्यांना ती दोन अक्षरं पाठ नव्हती. त्यांच्या मागून ती अक्षरं पुनमच्या आवाजात आली. एकदम, न अडखळता, एकेक अक्षर सुटं करून, जशी मी शिकवली होती तशी. परवाना नसलेल्यानं हवेत बोलायचं नाही, हा या घरातला माझाच नियम. पुनमला तो माहीत होता, म्हणून ती त्या दोन अक्षरांच्या पुढं काही बोलली नाही. पण ती अक्षरं तिनं त्या क्षणी शोधलेली नव्हती. ती तिच्याकडे तयार होती, कधीतरी आई विचारेल म्हणून.

मला नकाशा लागला नाही. खानदेशातले चौकोन मला पाठ आहेत. अमळनेर. आमच्या घरापासून बसनं एक तास. दोन वर्षं ती माझ्यापासून एका तासावर राहत होती.

उपग्रह उतरायला लागला होता. चार मुठी, तीन मुठी. वर्गात पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणाऱ्या बाईला तीन मिनिटांत एक वाक्य सापडेना. दोन मुठी. एक. सातपुडा त्यांच्यापासून लांब होता, मला शेवटपर्यंत वेळ होता.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हटलं. "दोघांना."

उत्तर आलं की नाही ते मला कळलं नाही. खरखर वाढली आणि उपग्रह बुडाला.

त्या घरात तिघं आहेत. कुकरची शिट्टी झाली तेव्हा गॅस बारीक करायला प्रशीलच उठला असेल. तिघांना म्हणायचं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण जीभ वळली नाही.

मी खाली येऊन वहीत वेळ लिहिली, आणि लोकेटरच्या रकान्यात सहाच्या सहा अक्षरं लिहिली. मग भावाला फोन करून सांगितलं की येत नाही. सकाळी पावणेसातला अमळनेरची बस आहे. एक तासाचा रस्ता आहे. त्या तासात तिघांना म्हणायला शिकायचं आहे.